उंचीचा आधार

झाडावर चढणाऱ्या पोराला आई खालून ओरडून सांगते, "फार वर जाऊ नकोस रे, पडशील!" जितके उंच तितका धोका, आणि जमिनीच्या जवळ तितकी सुरक्षितता, हे आपल्या मनात लहानपणापासून असे मुरलेले असते. माणसाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण आकाशात उडणाऱ्या एका यंत्राच्या बाबतीत ही शिकवण अगदी उलटी करून घ्यावी लागते. ते यंत्र म्हणजे हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर जमिनीपासून खूप उंच असते तेव्हा त्याला आधार असतो. ते आपल्या घरांवरून, झाडांवरून, तारांवरून अगदी खालून जाते तेव्हा तो आधार काढून घेतलेला असतो. हे कसे, आणि त्याचा तुमच्या-आमच्या गावाशी, शाळेच्या पटांगणाशी काय संबंध, एवढेच आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, हेलिकॉप्टर ही बड्या लोकांची सवारी. आमचा त्यात काय संबंध? पण पाहा. ते उडते जुहूच्या किंवा पुण्याच्या तळावरून, हे खरे; उतरते मात्र आपल्या दारात. निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा ठरला, पूर आला, की तालुक्याच्या गावी एखादे माळरान किंवा शाळेचे मैदान निवडले जाते, त्यावर चुन्याने वर्तुळ आखून मध्ये इंग्रजी एच अक्षर काढले जाते, आणि झाले हेलिपॅड तयार! ते पाहायला सगळ्यांत आधी धावतात ती शाळेची मुले. आमच्या पालघर जिल्ह्याला तर या यंत्राचा घरघराट नवा नाही. समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे जुहूहून उडतात. १३ जानेवारी २०१८ रोजी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचे पाच अधिकारी व दोन वैमानिक घेऊन निघालेले असेच एक हेलिकॉप्टर डहाणूच्या बाजूला समुद्रात कोसळले आणि सातही जण गेले. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

प्रथम यंत्र समजून घेऊ. विमानाला पंख असतात. ते वेगाने पुढे धावले की पंखांखालून-वरून हवा वाहते आणि विमान उचलले जाते. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे त्याच्या डोक्यावरची पाती. सारे यंत्र धावण्याऐवजी नुसती पातीच फिरतात, आणि हवा खाली ढकलून यंत्र वर उचलतात. म्हणून ते जागच्या जागी उभे राहू शकते, सरळ वर चढू शकते, अंगणाएवढ्या जागेत उतरू शकते. शेपटाकडे एक छोटा उभा पंखा असतो. तो नसेल तर वरची पाती एका दिशेला आणि खालचे धूड उलट्या दिशेला भिंगरीसारखे फिरू लागेल. त्याला सावरण्याचे काम या छोट्या पंख्याचे.

मग इंजिन बंद पडले तर? पुष्कळांना वाटते, धोंड्यासारखे खाली येईल. तसे नाही. आपल्या रानात उक्षीची वेल असते. तिची वाळलेली फुले वाऱ्याने सुटली की गरगर फिरत, तरंगत, हळूच खाली येतात. पोरे ती ओंजळीने उधळून खेळतात. हेलिकॉप्टरचेही तसेच. इंजिन थांबताच वैमानिकाने हाताखालचा दांडा खाली दाबून पात्यांचा कल कमी केला, की खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. यंत्र वेगाने खाली येते खरे, पण वैमानिकाच्या ताब्यात राहून येते. आणि जमीन जवळ आली की फिरत्या पात्यांत साठलेला जोर वापरून तो ते अलगद टेकवू शकतो. प्रत्येक वैमानिकाला हे शिकवलेले असते.

पण या साऱ्या खेळाला एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. आणि वेळ कुठून मिळते? उंचीतून. जरा हिशेब करा. शाळेतल्या गुरुजींनी तर फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. तीनशे मीटर उंचीवर इंजिन बंद पडले आणि वैमानिकाने यंत्र सावरले, तर त्याला जमिनीवर पोहोचायला साधारण अर्धे मिनिट मिळते. अर्ध्या मिनिटात मोकळे शेत शोधता येते, वाऱ्याकडे तोंड वळवता येते, वस्ती टाळता येते. आता उंची तीस मीटर धरा, म्हणजे दहामजली इमारतीएवढी. तीस मीटरवरून सोडलेला दगड अडीच सेकंदांत जमिनीवर येतो. लहान हेलिकॉप्टरची पाती हलकी; त्यांचा फिरण्याचा जोर चटकन ओसरतो, आणि वैमानिकाने सेकंद-दोन सेकंदांत हालचाल केली नाही तर पुढे काही करता येत नाही. म्हणजे काय झाले ते कळायच्या आत खेळ संपलेला असतो. उंची कमी आणि वेगही कमी, ही जोडी सर्वांत वाईट. वैमानिकांच्या पुस्तकात उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो, आणि त्यातला काही भाग रेघा मारून वर्ज्य दाखवलेला असतो. तिथे रेंगाळायचे नाही, हा त्याचा अर्थ.

याचा फार बोलका दाखला इतिहासात आहे. आपल्या सैन्यात 'चीता' नावाचे हलके हेलिकॉप्टर अनेक वर्षे हिमालयात राबत आले आहे. ते ज्या फ्रेंच यंत्राच्या नमुन्यावर आपल्या बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधले, त्या यंत्रातून झां बुले नावाचा फ्रेंच वैमानिक २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटर उंचीवर गेला. एव्हरेस्टच्याही कितीतरी वर! तिथल्या भयंकर थंडीत त्याचे इंजिन विझले, आणि पुन्हा पेटेना. तरी तो माणूस नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या बळावर तेवढ्या उंचीवरून सुखरूप खाली उतरला. बारा हजार मीटरवर इंजिन गेलेला वाचला. आणि झाडाएवढ्या उंचीवर इंजिन गेले तर उत्तम वैमानिकालाही अवघड. उंचीचा आधार म्हणतो तो हा.

खालून उडण्यातला दुसरा शत्रू म्हणजे तार. विमानाला तारेची भीती उतरताना-चढताना काय असेल तेवढी. हेलिकॉप्टरला ती सर्वत्र. तुम्ही रस्त्यावर उभे राहून वरची तार पाहता तेव्हा ती आकाशाच्या उजेडावर काळी रेघ म्हणून उमटते. वैमानिक मात्र तिला वरून किंवा समोरून पाहतो. त्याच्या दृष्टीने तिच्यामागे असते शेत, माती, झाडोरा. करड्या जमिनीवर करडी तार, दिसणार कशी? दिसली तरी ती किती लांब आहे हे डोळ्याला कळत नाही. आता वेगाचा हिशेब करा. ताशी ११० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीस मीटर. शंभर मीटरवर तार दिसली तर हाती उरतात तीन सेकंद. त्यात पाहायचे, ओळखायचे, हात हलवायचे आणि यंत्राने वळायचे. म्हणून जाणते वैमानिक तार शोधत नाहीत, ते खांब शोधतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असे धरून चालतात. पण खांब झाडात दडलेला असला तर?

आमच्या विरारच्या पूर्वेला मनवेलपाडा आहे. नाव पाड्याचे, वस्ती आता शहराची. तिथल्या रस्त्यावर उभे राहून सहज मान वर केली तर काय काय दिसते पाहा: विजेच्या तारा, टेलिव्हिजनच्या, इंटरनेटच्या, या गच्चीवरून त्या गच्चीवर, शिवाय पत्रे, ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या आणि संक्रांतीनंतर महिनाभर लोंबणारा मांजा. यातली कोणती तार कोणी कधी टाकली, याची कुठल्याही नकाशात नोंद सापडायची नाही. खेड्यातही तीच गत. विहिरीवरच्या मोटारीला वीज नेण्यासाठी बांबूवरून ओढलेली वायर, मांडवासाठी ताणलेला दोर, परवा परवा उभारलेला मोबाईलचा मनोरा. नकाशा जुना, गाव नवे. म्हणूनच सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की दाट वस्तीवरून जाताना आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा निदान ३०० मीटर वरून जावे, आणि इतरत्र जमिनीपासून निदान १५० मीटर वरून. मात्र उतरताना आणि चढताना हा नियम पाळता येत नाही, हे उघडच आहे. आणि उतरणे-चढणे होते ते आपल्या गावात.

२५ मे २०१७ या दिवशी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला हेच घडले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तालुक्यात हलगरा येथे श्रमदानाचा कार्यक्रम आटोपून परत निघाले होते. राज्य शासनाचे सिकॉर्स्की हेलिकॉप्टर निलंग्याहून वर उठले. हे यंत्र तसे मोठे, दोन इंजिनांचे. तरीही वर उठताच वाऱ्याचा रोख बदललेला जाणवला, वैमानिकाने पुन्हा उतरण्याचे ठरवले, आणि उतरताना ते तारांत अडकून घरांच्या शेजारी कोसळले. आतली सर्व माणसे वाचली. दैव बलवत्तर, असे आपण म्हणतो. पण दैवावर सोडून विचार थांबवण्यात अर्थ नाही. मे महिन्याची दुपार कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. हवा तापली की विरळ होते. पंधरा अंशांच्या हवेत जिथे शंभर भाग हवा असते, तिथे चाळीस अंशांना ब्याण्णवच भाग उरते. पाती तीच, फिरणे तेच, पण ढकलायला हवा कमी. म्हणून उचलण्याची ताकद कमी. त्यातच जमिनीलगत हेलिकॉप्टरला एक उशी मिळालेली असते, कारण पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर अडून त्याला टेकू देते. थोडे वर चढले की ही उशी संपते, आणि नेमकी तिथेच तारांची पातळी सुरू होते. म्हणजे यंत्राचे बळ कमी पडण्याची जागा आणि तारांची जागा एकच! त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकला मुख्यमंत्र्यांच्याच हेलिकॉप्टरला वजन जास्त झाल्यामुळे परत उतरावे लागले, आणि एक माणूस कमी करून ते पुन्हा निघाले. एका माणसाच्या वजनाने एवढा फरक पडतो, हे बैलगाडीत आणखी दोघांना सामावून घेणाऱ्या आपल्याला चटकन पटत नाही.

लहान हेलिकॉप्टरची दोन उदाहरणे सांगतो. ११ डिसेंबर २०१६, रविवार. जुहूहून हौशी प्रवाशांना मुंबई दाखवायला निघालेले रॉबिन्सन आर-४४ जातीचे चार आसनी, एकाच इंजिनाचे हेलिकॉप्टर गोरेगावच्या आरे वसाहतीत पडून पेटले. त्यात वैमानिकासह प्राणहानी झाली. दुसरे, ३ मे २०२४ चे. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस. रायगड जिल्ह्यात महाड येथे सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले लहान हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरता उतरता धुळीच्या लोटात दिसेनासे झाले, आणि कलंडले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्या अपघाताचे चित्रण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पात्यांच्या वाऱ्याने कोरड्या मैदानाची माती उडते, यंत्राभोवती पिंजऱ्यासारखी उभी राहते, आणि जमीन कुठे, आकाश कुठे, आपण पुढे सरकतो आहोत की बाजूला, हे वैमानिकाला समजेनासे होते. याला उपाय काय? पाण्याचा टँकर! उतरण्याआधी मैदान नीट भिजवणे. विमानशास्त्रातला एवढा मोठा धोका आणि त्यावरचा उपाय सडा घालण्याचा, हे ऐकून घरातल्या आयाबायांना हसू येईल. पण तो खरा आहे.

आपल्या सीमेलगतच्या कलबुर्गी जिल्ह्यात जेवर्गीला ६ मार्च २०२३ रोजी कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांचे हेलिकॉप्टर उतरत असताना मैदानाजवळ पडलेले प्लास्टिकचे कागद आणि गोण्या वाऱ्याने भर्रकन वर उठल्या. वैमानिक शहाणा, त्याने उतरणे सोडून यंत्र पुन्हा वर नेले, मैदान साफ झाल्यावर मग उतरवले. इथे कोणालाच काही झाले नाही, म्हणून ही घटना लवकर विसरली गेली. मला मात्र ती सर्वांत शिकण्यासारखी वाटते. संशय येताच त्याने उंची गाठली. खाली स्वागताला मंडळी खोळंबली होती, हारतुरे वाट पाहत होते; तरी त्याने लाज बाळगली नाही.

श्रोतेहो, इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. अपघात टाळणे हे वैमानिकाचे, बांधकाम खात्याचे, पोलिसांचे काम आहे, यात शंका नाही. पण जमिनीजवळची जी माहिती या साऱ्यांना नसते, ती तुमच्याजवळ असते. अधिकारी येतात, मैदान मोजतात, जातात. त्यानंतर आठ दिवसांनी शेजारच्या शेतकऱ्याने नवी वायर ओढलेली असते. पाटलांच्या खळ्यावर ताडपत्री नुसती दगड ठेवून दाबलेली असते. शाळेच्या ध्वजस्तंभाला पताकांचे दोर बांधलेले असतात. हे कोणाला ठाऊक? तुम्हाला. आणि आपण काय करतो? "मोठ्या माणसांचे काम, आपण मध्ये कशाला बोला," म्हणून गप्प बसतो. हे गप्प बसणे महागात पडू शकते. सरपंचांनी, शिक्षकांनी, गावच्या वायरमनने पुढे होऊन सांगितले पाहिजे, "साहेब, त्या चिंचेमागून एक तार गेली आहे. ती मैदानातून दिसत नाही." त्या एका वाक्याचे मोल एखाद्या यंत्राहून अधिक आहे. सांगूनही कोणी ऐकले नाही तर लिहून द्यावे, आणि त्याची पोच घ्यावी. दहावी झालेल्या मुलालाही चार ओळींचा अर्ज लिहिता येतो.

मैदान शाळेचे असेल तर शिक्षकांवर विशेष भार येतो. मुलांना हेलिकॉप्टर दाखवू नये असे मी म्हणणार नाही. अशी उत्सुकता दाबून टाकणारा शिक्षक कसला! पण ते लांबून दाखवावे, दोरीच्या पलीकडून, बसवून. टोप्या, छत्र्या, वह्या, गळ्यातले रुमाल आवरून धरायला सांगावे. सुटलेली वस्तू पात्यांत गेली तर गोफणीच्या दगडासारखी परत येते. डोळ्यांत खडे जातात, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करायला शिकवावे. वर्गाचे पत्रे सैल असतील तर आदल्या दिवशी तपासून घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, हेलिकॉप्टर टेकले म्हणजे धोका संपला असे मुळीच नाही. पाती फिरत असेपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. शेपटाकडचा छोटा पंखा इतक्या वेगाने फिरतो की तो दिसतच नाही. तिथे मोकळी हवा आहे असे वाटते. म्हणून मागच्या बाजूने कधीही, कशासाठीही जायचे नाही. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूनेही नाही, कारण त्या बाजूला पाती डोक्याच्या पातळीवर येतात. हार घालण्याची घाई असलेल्या कार्यकर्त्यांनीही हे लक्षात ठेवावे. पाहुणे हार न घालता दोन मिनिटे उभे राहिले तर त्यांचा अपमान होत नाही.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर? धावत जाऊन गर्दी करणे, मोबाईलवर चित्र घेणे, हे आपल्याकडे आपोआप होते. ते रोखायला दोन-चार खंबीर माणसे लागतात. पहिली गोष्ट, तार तुटली असेल तर ती जिवंत आहे असेच समजावे, आणि वीज बंद करवून घेतल्याशिवाय यंत्राला किंवा ओल्या जमिनीवरच्या तारेला स्पर्श करू नये. दुसरी, इंधन सांडलेले असते. विडी, काडी, चालू इंजिनाची मोटारसायकल दूर ठेवावी. तिसरी, ११२ आणि १०८ या क्रमांकांवर फोन करून गावाचे नाव, जवळची खूण, रस्ता कुठून आहे हे नीट सांगावे, आणि रस्त्यावर एक माणूस उभा करावा. पाती थांबली असतील, आग नसेल, वीज बंद असेल, तर अडकलेल्यांना मदत जरूर करावी. पण यंत्राचा तुकडा उचलून घरी आठवण म्हणून नेऊ नये. केंद्र सरकारचा विमान अपघात तपास विभाग अशा तुकड्यांवरूनच कारण शोधतो. त्याच्या तपासाचा हेतू कोणाला शिक्षा करणे हा नसतो. पुढचा अपघात टळावा हा असतो. तुम्ही नेलेला पत्र्याचा तुकडा पुढच्या कोणाचा तरी जीव असू शकतो.

शेवटी एकच सांगतो. नकाशा कचेरीत असतो, तार मात्र गावात असते. ती कुठून कुठे जाते, कालपरवा कोणी ओढली, कोणत्या झाडामागे दडली आहे, हे गावकऱ्याला ठाऊक असते आणि वरून येणाऱ्याला ठाऊक नसते. उद्या तुमच्या शाळेच्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ आखले गेले, तर मुलांना घेऊन एक फेरी मारा. मैदानाच्या चारी बाजूंनी दिसणाऱ्या तारा, खांब, मनोरे, सैल पत्रे यांची यादी मुलांकडूनच करवून घ्या. भूगोलाचा याहून चांगला तास मिळणार नाही. आणि ती यादी मैदान पाहायला आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात द्या. कोणी हसले तर हसू द्या.